पोर्ट लुईचा बंदरकाठ आणि आपली नावे

(आगमन समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या पूर्वजांच्या आगमनाची दुसरी शताब्दी आता फार लांब नाही. त्या निमित्ताने संस्थेने आम्हा मराठीच्या प्राथमिक शिक्षकांना पोर्ट लुईच्या बंदरकाठाविषयी चार शब्द बोलायला सांगितले. आम्ही इतिहासकार नाही. आम्ही मुलांना अक्षरे शिकवणारी माणसे. पण दर वर्षी शाळेच्या सहलीत याच बंदरकाठाने आम्ही मुलांना चालवत नेतो, आणि वाटेत त्यांना जे सांगतो तेच आज मोठ्यांना सांगणार आहोत. तेव्हा मनाने आमच्याबरोबर चला. वाट लांब नाही.

सुरुवात प्लास दार्मपासून करू. बंदराकडे तोंड केलेला माहे द लाबूर्दोने यांचा पुतळा तिथे उभा आहे. १७३५ साली ते गव्हर्नर म्हणून आले, तेव्हा हे बेट फ्रेंचांचे होते आणि त्याचे नाव इल द फ्रांस होते. त्यांनी या खाडीला बंदराचे रूप दिले आणि पोर्ट लुईला बेटाचे मुख्य शहर केले. गोदामे, इस्पितळ, पाण्याचे पाट, बराकी हे सगळे त्यांच्या काळात उभे राहू लागले. पुस्तकात लिहिलेले असते की "लाबूर्दोने यांनी बांधले". मुलांना आम्ही विचारतो, एका माणसाने एवढे दगड उचलले असतील का? दगड उचलले ते आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी. भिंती रचायला पाँडिचेरीहून कारागीरही आणले होते. म्हणजे गिरमिटाच्या शंभर वर्षे आधीच भारतीय हात या शहराला लागले होते. जुन्या पोर्ट लुईत मलबारांची आणि लष्करांची वेगळी वस्तीच होती. लष्कर म्हणजे जहाजावरचे भारतीय खलाशी.

पुतळ्याकडे पाठ करून मागे पाहिले की ताडाच्या झाडांच्या रांगेपलीकडे जुने गव्हर्नमेंट हाउस दिसते. हुकूम तिथून निघत होते. आपण मात्र उलट्या दिशेला, पाण्याकडे जाणार आहोत. डाव्या हाताला कोदाँ आहे. आज तिथे दुकाने, सिनेमा आणि हॉटेले आहेत, रविवारी आपली तरुण मंडळी तिथेच भेटतात. पूर्वी तिथे साखरेची गोदी होती. गोणी पाठीवर घेऊन गोदीचे कामगार फळीवरून चालत असत. १९८० साली साखर थेट जहाजात ओतणारे नवे टर्मिनल सुरू झाले आणि गोणी वाहणाऱ्यांचे ते काम संपले. मुलांना आम्ही एवढेच लक्षात ठेवायला सांगतो की माणसे याच पाण्यावरून आत आली आणि साखर याच पाण्यावरून बाहेर गेली. आपली कहाणी या दोन फेऱ्यांच्या मधली आहे.

आता उजव्या हाताला वळू. आधी लागते ते मुख्य पोस्ट ऑफिस. १८६८च्या सुमाराची ही दगडी इमारत. मॉरिशसची टपालतिकिटे जगभर प्रसिद्ध आहेत. १८४७ साली छापलेली एक पेनीची आणि दोन पेन्सची तिकिटे आज कोदाँच्या ब्लू पेनी संग्रहालयात जपून ठेवली आहेत. श्रीमंत संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. पण १८४७ साली जो मराठी माणूस उसाच्या शेतात होता त्याला त्या तिकिटाचा काय उपयोग? पत्र लिहायचे तर लिहिता येणारा माणूस हवा, आणि पलीकडे गावात ते वाचून दाखवणारा हवा. मालवणच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या घरात एक आई वर्षानुवर्षे मुलाच्या खबरीची वाट पाहत बसली असेल आणि इकडे जगातल्या सगळ्यात महाग तिकिटांपैकी एक छापले जात होते. निरक्षरपणाची किंमत काय असते ते मुलांना आम्ही या इमारतीसमोर सांगतो.

पोस्टापासून थोडे पुढे गेले की त्रू फांफारों. 'त्रू' म्हणजे खळगा. बंदराच्या आतल्या बाजूची ही शांत पाण्याची जागा, जहाजांना आणि होड्यांना सोयीची. इथेच आप्रवासी घाट आहे.

घाटाची माहिती आपल्यापैकी बहुतेकांना आहे, म्हणून ठळक गोष्टीच सांगतो. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजाने ३६ मजूर पोर्ट लुईला आले. ते कलकत्त्याहून आलेले होते. त्यानंतर तीन महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, बेटावर गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना गुलाम सोडल्याबद्दल ब्रिटिश सरकारकडून सुमारे वीस लाख पौंडांची भरपाई मिळाली. ज्यांना गुलाम केले होते त्यांना काही मिळाले नाही. मग उसाला हात हवे होते आणि ते हात भारतातून येऊ लागले. सुरुवातीच्या करारात पुरुषाला महिना पाच रुपये आणि तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा ठरलेला होता. करार म्हणजे अॅग्रीमेंट, आणि त्या शब्दाचे आपल्या लोकांच्या तोंडी झाले गिरमिट.

१८४९ साली त्रू फांफारोंला कायमचा इमिग्रेशन डेपो उभा राहिला. जहाज आले की माणसे होडीतून काठाला यायची, दगडी पायऱ्या चढायची, आणि मग दाराशी नोंद, डॉक्टरची तपासणी, छपरीत मुक्काम, स्वयंपाकघरातले जेवण. साधारण दोन दिवस त्यांना तिथे ठेवत. मग मळ्यावर रवानगी, कधी पायी, कधी गाडीतून. १८३४ पासून गिरमिट बंद होईपर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसे या बेटावर आली. त्यांतली बहुतेक परत गेली नाहीत.

आज तिथे उभे राहिलो तर काय दिसते? इस्पितळाच्या खोल्या, दाराजवळची द्वारपालाची जागा, स्वयंपाकघराचे आणि छपऱ्यांचे अवशेष, आणि त्या पायऱ्या. सगळे मिळून १,६४० चौरस मीटर. मूळ डेपो याहून पुष्कळ मोठा होता. नंतर तिथे सरकारी कचेऱ्या आल्या, समुद्र मागे हटवून भराव पडला, आणि मोटारींचा मोठा रस्ता डेपोच्या जागेतूनच गेला. सहलीला गेलेली मुले पायरीवर उभी राहून विचारतात, "टीचर, समुद्र कुठे आहे?" पायऱ्यांच्या खालचे पाणीच आता तिथे राहिलेले नाही. १९८७ साली ही जागा राष्ट्रीय स्मारक ठरली आणि २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. २०१४ साली शेजारी माहितीकेंद्र उघडले. जपणूक उशिरा सुरू झाली, पण झाली. नाहीतर आज आपल्याला मुलांना दाखवायला फक्त रस्ता उरला असता.

आधी लोक या जागेला कुली घाट म्हणत. मग नाव बदलून आप्रवासी घाट झाले. 'कुली' हा शब्द आपल्या आजा-आजींना शिवीसारखा लागत असे. शाळेत, रस्त्यात, दुकानात तो तसाच फेकला जात असे. आज काही जण म्हणतात की शब्द का बदलावा, इतिहास आहे तसा असू द्या. दोन्ही म्हणणी आम्ही मुलांपुढे ठेवतो. आणि एक मराठी गोष्टही सांगतो. उत्तर भारतातल्या माणसाला घाट म्हटले की नदीच्या पायऱ्या आठवतात. आपल्या कोकणातल्या पूर्वजांना घाट म्हटले की सह्याद्रीची चढण आठवत असणार. खाली समुद्र, वर घाटमाथा. ज्या माणसाने सगळी हयात डोंगराच्या घाटाकडे बघत काढली, तो समुद्र ओलांडून या दुसऱ्या घाटावर चढला.

या गर्दीत मराठी माणूस किती होता? कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबई बंदरातून आलेले लोक थोडेच. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, मालवण या बाजूचे पुष्कळ. म्हणूनच आपली झाकरी ही कोकणच्या जाखडीची बहीण आहे आणि गणपती आपला सगळ्यात मोठा सण आहे. पण थोडे असल्यामुळे मोठ्या कहाणीत आपण बुडून जातो. पाटीवर 'भारतीय मजूर' लिहिलेले असते. ते खरेच आहे. पण त्यात आपले गाव, आपली बोली, आपली नावे कुठे आहेत हे शोधायचे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.

घाटाला लागूनच जुने लष्करी इस्पितळ आहे. अठराव्या शतकातली, बेटावरच्या सगळ्यात जुन्या इमारतींपैकी ही एक. तिथे आता गुलामगिरीचे संग्रहालय झाले आहे. मुलांना आम्ही घाटावरून थेट तिथे नेतो, मधे डबा खायलासुद्धा थांबत नाही. एका बाजूला ज्यांना विकत घेतले त्यांची इमारत आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना कराराने आणले त्यांची. दोन्हींचे दुःख सारखे नव्हते. गिरमिट्याला कागदावर का होईना, सुटकेची तारीख होती, आपले नाव होते, सोबत बायको-मुले आणता येत होती. गुलामाचे नावसुद्धा मालक ठेवत असे. आज आपल्या क्रेओल शेजाऱ्याला आपल्या पणजोबांचे खरे नाव सापडत नाही. आपल्याला ते सापडू शकते, ही आपली केवढी मोठी ठेव आहे याचा विचार करा.

मोठा रस्ता ओलांडला की शहराचा बाजार. इथे मुलांचे पाय आपोआप धावतात. धोल पुरीचा वास येतो, आल्वडाचा थंडगार पेला हातात येतो. भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागताना आपण सगळे, मराठी असो की चिनी, 'कोतोमिली' म्हणतो. शेवग्याच्या पाल्याला 'ब्रेद मुरुम' म्हणतो. हे आपल्या तमिळ भावंडांचे शब्द. ते क्रेओलमध्ये जाऊन सगळ्यांचे झाले. मग आम्ही मुलांना विचारतो, आपल्या घरात मराठीचे कोणते शब्द राहिले आहेत? हात वर होतात. आई. आजी. मोदक. आरती. पाचव्या-सहाव्या शब्दानंतर हात खाली यायला लागतात. बाजारातला तो अर्धा तास आम्हाला वर्गातल्या महिन्याइतके शिकवतो.

बाजाराच्या मागे रॉयल रोडवर जुम्मा मशीद आहे. १८५०च्या दशकात गुजराती व्यापाऱ्यांनी ती उभारायला घेतली. पांढरे नक्षीकाम, लाकडी दरवाजे आणि आत बदामाचे जुने झाड. तिच्या आजूबाजूला चिनी वस्ती. तिथून मान वर केली की टेकडीवर किल्ला दिसतो, फोर्ट अॅडलेड. आपण त्याला सिटाडेल म्हणतो. त्याचे बांधकाम १८३४ साली सुरू झाले, म्हणजे जे 'अॅटलस' जहाजाचे वर्ष तेच किल्ल्याचे. गुलाम सुटणार म्हणून मळेवाले चिडले होते, दंगा होईल अशी इंग्रजांना भीती होती, म्हणून शहरावर नजर ठेवायला हा किल्ला. १८४० साली तो पुरा झाला. तोफा कधी चालवाव्या लागल्या नाहीत. आज तिथून सगळे बंदर एका नजरेत दिसते.

किल्ल्याखाली शां दे मार्स. १८१२ पासून इथे घोड्यांच्या शर्यती होतात. आणि याच मैदानावर १२ मार्च १९६८ रोजी इंग्रजांचा झेंडा खाली आला आणि आपला चार रंगांचा झेंडा वर चढला. १९०१ साली मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना वाटेत या बेटावर काही दिवस राहिले होते. पोर्ट लुईच्या ताहेर बागेत त्यांचा सत्कार झाला. मुलांना शिकवा आणि राजकारणात भाग घ्या, असे त्यांनी आपल्या लोकांना सांगितले. घाट ते शां दे मार्स हे अंतर मुले गप्पा मारत सहज चालतात. आपल्या लोकांना ते चालायला १३४ वर्षे लागली.

ती वर्षे सोपी नव्हती. १८६७ साली मलेरियाच्या साथीने या शहराची दैना केली. ज्यांना जमले ते कुरपीपच्या थंड हवेत गेले. २९ एप्रिल १८९२च्या चक्रीवादळात पोर्ट लुई मोडून पडले, हजाराहून जास्त माणसे मेली. आणि १८६७चाच तो कायदा. गिरमिट संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागे, नाही सापडला तर भटक्या म्हणून पकडत. त्याविरुद्ध १८७१ साली जो अर्ज गेला त्यावर ९,४०१ माणसांनी सह्या आणि अंगठे दिले. आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या माणसाने त्यांना साथ दिली आणि त्याबद्दल मळेवाल्यांचा मार खाल्ला. त्यानंतर लंडनहून चौकशी आयोग आला. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी अंगठ्याने इतिहास लिहिला.

इथे आमची पायी सहल संपते आणि बस मोकाच्या रस्त्याला लागते, कारण बंदरकाठाची एक वस्तू आता बंदरकाठावर नाही. घाटावरच्या नोंदवह्या मोकाला महात्मा गांधी संस्थेत ठेवल्या आहेत. दाराशी बसलेल्या लिपिकाने प्रत्येकाला एक नंबर दिला. नंबरापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा आणि गाव, जहाज आणि मळा. पुढे पुढे फोटोसुद्धा. तो नंबर ठाऊक असेल तर आपल्या पूर्वजाची नोंद शोधता येते.

लिपिकाला मराठी येत नव्हते. त्याच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. गणूचे गुन्नू झाले, सखारामचे साकाराम. माणसाचे पहिले नावच पुढच्या पिढीचे आडनाव झाले. म्हणून वर्गात हजेरी घेताना आम्ही एक खेळ खेळतो. मूल आपले आडनाव फळ्यावर देवनागरीत लिहिते, आणि मग आपण सगळे मिळून त्याच्या आतले जुने मराठी नाव शोधतो. सापडले की त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. दुसऱ्या दिवशी त्याची आजी फाटकाशी येऊन उभी राहते आणि म्हणते, "टीचर, हे खरं का? आमचे सासरे असंच काहीतरी सांगायचे."

काही घरांत मात्र जुना कागद कपाटातून बाहेर येत नाही. त्याचे कारण आम्हाला ठाऊक आहे. नोंदवहीत जातीचा रकाना आहे. कोणाला वाटते, तिथे लिहिलेले वाचून लोक काय म्हणतील? त्या ज्येष्ठांना आमचे हात जोडून सांगणे आहे. जहाजात सगळे एका छपराखाली झोपले. डेपोच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी एकच चूल होती. उसाच्या पात्याने कोणाचा हात कापताना जात विचारली नाही. इंग्रजाने रकाना भरला म्हणून आपण दीडशे वर्षांनी तो पुन्हा भरायचे कारण नाही. रकाना वाचा, आणि पुढच्या रकान्याकडे जा. तिथे गावाचे नाव आहे.

आता उशीर करून चालणार नाही. ज्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकल्या ती पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. आणि दुसऱ्या टोकाला आमचे वर्ग आहेत. मराठीचा तास घेणारी मुले कमी होताना आम्ही रोज पाहतो. आईबाप म्हणतात, फ्रेंच, इंग्रजी आणि गणित पुरे, मराठीचे काय करायचे? त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो, परीक्षेचा ताण आम्हीही बघतो. पण उद्या नोंद सापडली आणि घरात ते नाव नीट उच्चारणारे कोणी उरले नाही, तर दुसऱ्यांदा ते नाव लिपिकाच्या हातात गेले असे होईल.

म्हणून आमची एक साधी विनंती आहे. प्रत्येक घराने तीन ओळी लिहाव्या. पहिल्या ओळीत पूर्वजाचे नाव, दुसऱ्या ओळीत जहाज आणि वर्ष, तिसऱ्या ओळीत गाव आणि मळा. जे ठाऊक असेल ते लिहा, बाकी जागा मोकळी सोडा, पुढे कोणी भरेल. ओळी मराठीत लिहायच्या. मोठ्यांना लिहिता येत नसेल तर मुलाला शेजारी बसवा, आजीने सांगायचे आणि नातवाने लिहायचे. शुद्धलेखनाच्या चुका आम्ही सुधारू, ते आमचे कामच आहे. येत्या गणपतीच्या आधी हे कागद आपापल्या गावच्या मंडळीत द्या. ते एकत्र करून एक वही बांधू आणि तिची एक प्रत प्रत्येक बैठकेत ठेवू.

घाट सरकार जपते आहे, किल्ला आणि पोस्ट ऑफिसही जपले जातील. दगड जपायला अभियंते आहेत. नावे जपायला फक्त घरची माणसे असतात. २ नोव्हेंबरला आपण घाटावर फुले वाहायला जातो. या वर्षी जाताना मुलाचा हात धरा आणि पायरीवर त्याला एक नाव मोठ्याने उच्चारायला सांगा, जसे त्याच्या पणजीने ते उच्चारले असते तसे.



जय मॉरिशस, जय महाराष्ट्र.